दाढ काढायला जाल तेव्हा दारूचं खरं सांगा

मंडळी, १ जून उजाडला. ट्रॉलर बांधले, जाळी वर काढली, खलाशी आपापल्या गावाला गेले. आता ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस आपण घरी. या दिवसांत आपल्याकडे दोन कामं जोरात चालतात. एक बोटीची डागडुजी आणि दुसरं संध्याकाळचं बसणं.

दुसऱ्या कामावर भाषण द्यायला ही पोस्ट लिहिलेली नाही. आपण सगळे एकाच पाण्यातले. कोण किती घेतो ते जेटीवर सगळ्यांना ठाऊक असतं. ही पोस्ट दातांबद्दल आहे, साठीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या आपल्या माणसांच्या दातांबद्दल. आणि मुख्य म्हणजे, दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यावर आपण जी एक गोष्ट लपवतो, तिच्याबद्दल.

गेल्या बंदीतली गोष्ट. आमच्यातले एक तांडेलकाका, वय ६३. दोन वर्षं दाढ ठणकत होती. समुद्रात असताना दुखलं तर गोळी, घरी असताना दुखलं तर फेणीची गुळणी. असं करत करत गाल सुजला तेव्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, दारू घेता का?" काका म्हणाले, "छे! कधीतरी, लग्नकार्याला." बाईंनी तसं लिहून घेतलं, दाढ काढली, कापूस दाबून धरायला दिला, गोळ्या दिल्या.

काकांचा रोजचा एक क्वार्टर ठरलेला. संध्याकाळी जखम ठसठसायला लागली तेव्हा शेजारच्या मित्राने सल्ला दिला, "वायच फेणी तोंडात धर, जखम सुकतली." काकांनी धरली, मग गिळली, मग रोजचा क्वार्टरही झाला. रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या, छाती धडधडायला लागली, आणि उशी रक्ताने भिजली. मुलाने १०८ ला फोन केला. हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा कळलं की लिव्हर आधीपासूनच थकलेलं होतं आणि रक्त गोठायला वेळ लागत होता. दिलेल्या गोळ्यांत एक अशी होती की जिच्यावर दारू चालतच नाही. काका वाचले. पण चार दिवस वॉर्डात काढले.

नंतर आम्ही विचारलं, "काका, खोटं का सांगितलं?" त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "अरे, ती पोर माझ्या नातीच्या वयाची. तिच्यासमोर कसं सांगणार, रोज लागते म्हणून?"

त्यांनीच सांगितलं, नाव घालू नका, पण गोष्ट घाला. म्हणून घातली.

फेणीत साखर नाही, मग दात किडतात कसे?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, आणि प्रश्न बरोबर आहे. काजू फेणी हा गोव्याचा मान आहे. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भट्टीतून गाळून आलेल्या फेणीत साखर राहत नाही. दात किडवणाऱ्या जंतूंना हवी असते साखर. साखर खाऊन ते आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. मग फेणी पिणाऱ्याचे दात का जातात?

पहिलं कारण, फेणी कोण कोरडी पितो? तिच्यात गोड लिंबू-सोडा पडतो. अशा गोड थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. वर ते पेय स्वतःच आंबट. हुर्राकच्या दिवसांतही तेच. आणि हे आपण एका दमात पीत नाही. दोन-तीन तास घोट घोट चालतं. प्रत्येक घोटानंतर तोंडात जवळजवळ अर्धा तास आम्ल राहतं. ते उतरतंय न उतरतंय तोच पुढचा घोट. म्हणजे सगळी संध्याकाळ दात आंबट पाण्यात बुडालेले.

दुसरं कारण, लाळ सुकते. लाळेला आपण किंमत देत नाही. पण धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आम्ल धुऊन काढते, आणि दातातून निघालेला चुना परत दातात बसवते. दारूने वारंवार लघवी होते, अंगातलं पाणी कमी होतं, तोंड कोरडं पडतं. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटते ना, तेच ते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या लाळग्रंथीच बिघडतात. काहींचे कानाखालचे गाल दोन्ही बाजूंनी फुगलेले दिसतात. लोक म्हणतात, "अंगाने बरा झाला." ते अंग नव्हे, ग्रंथी सुजलेल्या असतात.

तिसरं कारण सगळ्यात साधं. पिऊन आलेला माणूस दात घासत नाही. तसाच आडवा होतो. झोपेत लाळ एरवीही कमी सुटते. त्यात गोड-आंबट तोंड घेऊन सहा तास झोप. दातांना याहून वाईट रात्र नसते. कुणाला पित्त उसळतं, कुणाला उलटी होते. पोटातलं आम्ल तर लिंबापेक्षा जहाल. वारंवार उलट्या होणाऱ्याचे दात आतल्या बाजूने झिजून पातळ होतात.

म्हणजे दारू एकटी दात किडवत नाही. ती कीड लागायला सोयीचं तोंड तयार करून देते.

साठीनंतर कीड खाली लागते

लहानपणी कीड दाढेच्या वरच्या खळग्यांत लागते. काळा ठिपका दिसतो, कळतं. उतारवयात तसं होत नाही. वय, हिरड्यांचे आजार, तंबाखू आणि दातांवर दाबून मशेरी घासणं यांमुळे हिरड्या मागे सरतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं.

आता बोटीचंच बघा. बोट वर ओढली की आपण कुठे बघतो? पाण्याच्या रेषेखाली. वरचा रंग कितीही चकचकीत असो, खालचं लाकूड कुजलं तर बोट गेली. दाताचंही तसंच. दाताच्या वरच्या भागाला कठीण कवच असतं. तोंडातलं आम्ल वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला तरच ते विरघळू लागतं. मुळाला ते कवच नसतं. ते त्याहून सौम्य आम्लातही, पीएच सहाच्या वर असतानाच, विरघळायला लागतं. म्हणून तरुणपणी जेवढ्या पिण्याने काही झालं नाही, तेवढ्याच पिण्याने साठीनंतर दात जातात. "मी चाळीस वर्षं पितोय, दातांना काय झालं?" असं म्हणणाऱ्या काकांना आमचं एवढंच उत्तर आहे. चाळीस वर्षं मूळ झाकलेलं होतं. आता ते उघडं आहे.

मुळाची कीड दाताला सगळ्या बाजूंनी कोरते आणि एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना दात हिरडीपाशी काडकन मोडतो. वर काही दिसत नाही, आत मूळ अडकलेलं. मग तेही काढावं लागतं.

त्यात या वयात गोळ्या चालू असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, यांनीही तोंड कोरडं पडतं. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात. त्यावर दारू. म्हणजे भोक एक नाही, चार आहेत, आणि पाणी चारही बाजूंनी येतंय.

दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नव्हे

दाढेत फेणी धरायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. फेणीत शंभरात साधारण ४२ ते ४५ भाग मद्यार्क असतो. दुखणाऱ्या जागी धरली की तेवढ्यापुरतं बधिर होतं, आणि दोन पेले पोटात गेले की दुखण्याचं भानच राहत नाही. पण आतली कीड थांबत नाही. उलट तोंडातली नाजूक कातडी भाजते. दुखणं म्हणजे दाताने मारलेली हाक. फेणीने आपण ती हाक बंद करतो आणि किडीला आणखी सहा महिने मोकळे देतो. जी दाढ साध्या भरणावर वाचली असती ती मग उपटावी लागते.

एक कधी दुर्लक्षू नका. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दाताचा पू गळ्यात उतरला तर जीवावर बेततं.

आणि दुसरं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ, १५ दिवसांत बरी झाली नाही तर दाखवायचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. दारू आणि तंबाखू दोन्ही असतील तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. गोव्यात गुटख्यावर २००५ सालीच बंदी आली. पण मशेरी घराघरांत आहे, आणि ती फक्त बाप्यांची नाही. मासळी विकायला पहाटे बाहेर पडणाऱ्या आपल्या आया, काकी, आज्यांच्या डबीतही आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होतात हा गैरसमज आहे.

डॉक्टरला काय सांगायचं

आता मूळ मुद्दा. डॉक्टर दारूबद्दल विचारतो तो आपली इज्जत काढायला नव्हे. त्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात.

एक, रक्त थांबेल का? रक्त गोठवणारे बरेच घटक लिव्हर तयार करतं. जास्त पिऊन लिव्हर बिघडलं की दाढ काढल्यावर रक्त थांबत नाही. आधी कळलं तर डॉक्टर साधी रक्ततपासणी करून घेतो आणि तयारीने दाढ काढतो.

दोन, औषध कुठलं द्यायचं? दातांच्या पुवावर मेट्रोनिडाझोल नावाची गोळी बऱ्याचदा देतात. तिच्यावर दारू घेतली तर उलट्या, चेहरा लाल होणं, धडधड, डोकेदुखी होऊ शकते. ती गोळी चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी ३ दिवस दारू नाही. पॅरासिटामॉल जास्त घेतली तर पिणाऱ्याच्या लिव्हरला धोका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पिणाऱ्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका.

तीन, जखम भरेल का? रोज पिणाऱ्याची जखम उशिरा भरते आणि पिकते लवकर.

चार, दारू अचानक थांबली तर काय होईल? हे फार कमी लोकांना माहीत आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर घेणाऱ्याने "उद्या दाढ काढायची आहे" म्हणून एकदम बंद केली, तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, भास होणं, कधी फिट येणं असं होऊ शकतं. त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टरला सांगून, त्याच्या देखरेखीखाली बंद करायची.

म्हणून सांगायचं ते सरळ मापात सांगा. "थोडी", "कधीतरी" असं नको. "रोज एक क्वार्टर, वीस वर्षं", असं. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला दाखवा. एकट्याला सांगायला जड जात असेल तर मुलाला, सुनेला, बायकोला सोबत न्या. आणि घरच्यांनो, काका डॉक्टरसमोर "कधीतरी" म्हणाले तर तिथेच भांडू नका. हळूच डॉक्टरच्या कानावर घाला.

दाढ काढल्यावर

पिऊन दाढ काढायला जायचं नाही. धीर येण्यासाठी एक पेलासुद्धा नाही. काढल्यावर कापूस डॉक्टर सांगेल तेवढा वेळ घट्ट दाबून धरायचा, सतत काढून बघायचं नाही. त्या दिवशी जोरात गुळण्या नाहीत, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने ओढून पिणं नाही. मशेरी, विडी, फेणी नाही. जखमेवरची रक्ताची गुठळी म्हणजे तिचं झाकण. ती निघाली की आतलं हाड उघडं पडतं आणि मग जे दुखतं ते आधीच्या दाढेपेक्षा जास्त. रक्त थांबत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखान्यात.

रोजचं काय करायचं

बसणार असाल तर गोड पेयाऐवजी साधा सोडा किंवा पाणी. मध्ये मध्ये साध्या पाण्याचा घोट. उठल्यावर पाण्याने खळखळून चूळ. झोपण्याआधी फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासायचे. आपल्याकडे अशा पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड असतं, खोक्यावर लिहिलेलं असतं. मऊ ब्रश, हलका हात. घासल्यावर फेस थुंकायचा, पण भरपूर पाण्याने धुऊन टाकायचा नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. उलटी झाली असेल तर लगेच ब्रश नको. चूळ भरा, अर्धा तास थांबा, मग घासा.

समुद्रात ट्रिपवर असतानाही ब्रश-पेस्टची पिशवी केबिनमध्ये ठेवा. बर्फ, डिझेल, रेशन यांच्या यादीत तेही लिहा. समुद्रावर ऊन, घाम, कमी पाणी, यामुळे तोंड तसंही कोरडं असतं. पाण्याची बाटली हाताशी हवी.

कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. पिऊन कवळीसकट झोपणं नको.

दाखवायला कुठे जायचं? जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा. मोठ्या कामासाठी बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मासेमारी चालू असताना आपल्याला वेळ नसतो हे खरं. म्हणूनच सांगतो, या ६१ दिवसांत जा. इंजिन उघडून बघताय, बुडाचे शिंपले खरवडताय, तसं एकदा तोंडही उघडून दाखवा.

कमी करायची असेल तर

ज्यांना वाटतं की आता पुरे, त्यांच्यासाठी. आपल्याच गोव्यात संगाथ या संस्थेने १० सरकारी आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी त्यांच्याशी चार बैठकांपर्यंत बोलायचं, एवढंच. २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी बघितलं तेव्हा ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यात शंभरातले ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. बाकीच्यांत २६. सगळे सुटले नाहीत. पण नुसत्या बोलण्याने एवढा फरक पडतो, हे आपल्याच लोकांनी दाखवलं.

व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. फोन करणाऱ्याला कुणी हसत नाही.

शेवटी पुन्हा काकांकडे येतो. त्यांच्या उरलेल्या दाढाही पुढे काढाव्या लागल्या, आता वर-खाली कवळी आहे. परवा त्यांच्या घरी जेवायला होतो. ताटात बांगड्याचं हुमण. काका सुनेला म्हणाले, "माझ्या ताटात काटे काढून घाल गो." चाळीस वर्षं बांगडा पकडलेला माणूस. पूर्वी जिभेने काटा वेगळा करून कडेला ठेवायचे, बोलता बोलता. आता टाळूवर कवळीची पट्टी असल्याने काटा लागतच नाही, सरळ घशात जातो. ते हसले, आम्हीही हसलो, पण घास गिळताना जड गेला.

आपण समुद्रातून मासळी आणतो ती आपल्याला शेवटपर्यंत स्वतःच्या दातांनी खाता यावी, एवढंच मागणं आहे. काकांना दोन शब्द खरे सांगायला लाज वाटली. तुम्ही लाजू नका.

घरातल्या ज्येष्ठांना ही पोस्ट वाचून दाखवा. मोबाइलवर अक्षर बारीक दिसतं, म्हणून मोठ्याने वाचा.